एलायझा परत का आली? 'पिग्मॅलियन' नाटक, त्याचा चित्रपट आणि बदललेला शेवट

जुनं नाटक पडद्यावर आलं की घराघरात दोन तट पडतात. 'कट्यार काळजात घुसली' २०१५ मध्ये आणि 'नटसम्राट' २०१६ च्या सुरुवातीला चित्रपट म्हणून आले, तेव्हाही हेच झालं. ज्यांनी नाटक पाहिलं होतं ते म्हणाले, "ती मजा नाही." ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांना चित्रपट आवडला आणि या मंडळींचं नाक मुरडणं समजेना. वाद रंगतो, पण नेमकं काय बदललं, कुठे बदललं आणि कुणामुळे, हे तसंच राहून जातं. "दिग्दर्शकाने वाट लावली" म्हटलं की विषय संपतो.

हे उलगडायला एक उत्तम उदाहरण आहे. त्यातला लेखक जिवंत होता, जागरूक होता, हट्टी म्हणून जगभर प्रसिद्ध होता, पटकथेवर त्याचं नाव होतं, त्या पटकथेला ऑस्कर मिळालं, आणि तरीही चित्रपटाचा शेवट त्याच्या नाकावर टिच्चून उलटा केला गेला. लेखक जॉर्ज बर्नार्ड शॉ, नाटक 'पिग्मॅलियन', चित्रपट १९३८चा. ही गोष्ट आपल्याला अनोळखी नाही. पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' लिहिलं ते याच नाटकावरून.

आधी गोष्ट

लंडनमधलं कॉव्हेंट गार्डन. रात्रीचे सव्वाअकरा, धो धो पाऊस, नाटक सुटून बाहेर पडलेले लोक चर्चच्या खांबांआड उभे. तिथे एलायझा डूलिटल नावाची पोरगी फुलं विकतेय आणि एक इसम वहीत तिचं बोलणं टिपून घेतोय. हा प्रोफेसर हेन्री हिगिन्स. त्याचा विषय ध्वनिशास्त्र, म्हणजे माणूस तोंडातून आवाज कसे काढतो याचा अभ्यास. चार वाक्यं ऐकली की समोरचा लंडनच्या कुठल्या गल्लीतला हे तो सांगू शकतो. त्याच गर्दीत कर्नल पिकरिंग भेटतो. तो बोलल्या जाणाऱ्या संस्कृतवर पुस्तक लिहून, खास हिगिन्सला भेटायला हिंदुस्थानातून आलेला आहे. (संस्कृत कोण बोलत होतं हा प्रश्न शॉला पडलेला दिसत नाही.)

दुसऱ्या दिवशी एलायझा हिगिन्सच्या घरी येऊन ठेपते. तिला रस्त्याच्या कोपऱ्यावर टोपली घेऊन बसायचं नाहीये, फुलांच्या दुकानात नोकरी हवी आहे, आणि दुकानवाले तिच्या गावठी बोलण्यामुळे तिला उभं करत नाहीत. तासाला एक शिलिंग देऊन ती शिकवणी मागते. म्हणजे उपकार मागायला ती आलेली नाही, पैसे मोजायला तयार आहे. हिगिन्स आणि पिकरिंग यांच्यात पैज लागते, की सहा महिन्यांत हिला उमरावांच्या घरची बाई म्हणून मोठ्या मेजवानीत खपवून दाखवायचं.

पैज जिंकली जाते. घरी आल्यावर दोघे पुरुष एकमेकांची पाठ थोपटतात, "सुटलो एकदाचे" म्हणतात. जिने हे करून दाखवलं तिच्याकडे कुणी बघतही नाही. हिगिन्स आपल्या सपाता शोधतो. एलायझा त्या उचलून त्याच्या अंगावर फेकते. आता माझं काय, हा तिचा प्रश्न आहे. फुलं विकण्यापलीकडे तिला नेलं गेलंय आणि उमराव घराण्यात तिला जागा नाही. शेवटच्या अंकात ती हिगिन्सला ठणकावते, मी स्वतः शिकवण्या घेईन, फ्रेडीशी लग्न करीन. फ्रेडी म्हणजे तिच्यावर लट्टू झालेला, खिशाने आणि डोक्याने हलका असा तरुण. ती निघून जाते. पडदा पडतो तेव्हा हिगिन्स एकटा उभा असतो.

लग्न लावून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

इंग्रजी सुखात्मिकेचा संकेत जुना आहे. भांडणं, गैरसमज, वेषांतरं होऊ द्या, शेवटी जोडपं जमलंच पाहिजे. मराठी प्रेक्षकालाही हे सांगावं लागत नाही. त्यात शॉने नाटकाच्या नावाखाली 'पाच अंकी रोमान्स' असं छापलं होतं. मग लोकांनी लग्नाची वाट पाहिली तर त्यांचं काय चुकलं? शॉचा खुलासा असा की एका फुलवालीचं असं रूपांतर होणं ही अद्भुत गोष्ट, म्हणून तो शब्द वापरला. खुलासा खरा असेलही. प्रेक्षकाला खोडसाळपणे गाफील ठेवायचं आणि मग चकवायचं, हा शॉचा आवडता उद्योग होता, हेही तितकंच खरं.

नाटकाचं नाव ग्रीक-रोमन पुराणातल्या शिल्पकाराचं. तो पुतळा घडवतो, त्याच्या प्रेमात पडतो, देवी त्या पुतळ्यात प्राण फुंकते आणि दोघांचं लग्न होतं. शॉने याच गोष्टीला उलटा प्रश्न विचारला: पुतळ्याचं मत घेतलंत का? ज्याने आपल्याला घडवलं, तो सदैव आपल्या वर उभा राहणार. अशा माणसाचे उपकार मानता येतात, त्याचा राग येऊ शकतो, पण त्याच्याशी बरोबरीने संसार करता येत नाही.

नाटकात एक लग्न आहे, फक्त ते नायिकेचं नाही. एलायझाचा बाप, मुलीच्या बदल्यात पाच पौंड मागायला आलेला कचरा उचलणारा डूलिटल, अचानक एका मृत्युपत्रामुळे श्रीमंत होतो आणि आता प्रतिष्ठित झाल्यामुळे बरोबर राहणाऱ्या बाईशी लग्न करणं त्याला भाग पडतं. शेवटी हिगिन्स सोडून बाकीचे या लग्नाला निघालेले असतात. सुखात्मिकेला लग्न हवं ना, घ्या लग्न, असं शॉने दिलं, तेही रडतखडत बोहल्यावर चढणाऱ्या माणसाचं. मला स्वतःला ही या नाटकातली सगळ्यात धूर्त जागा वाटते.

शेवट आधी बदलला तो नाटकवाल्यांनीच

'चित्रपटाने नाटक बिघडवलं' म्हणणाऱ्यांसाठी ही अडचणीची माहिती. 'पिग्मॅलियन'चा पहिला प्रयोग १९१३ मध्ये व्हिएन्नात जर्मन भाषेत झाला. लंडनला ते ११ एप्रिल १९१४ रोजी आलं. हिगिन्स झाला होता हर्बर्ट बीरबोह्म ट्री आणि एलायझा मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल. शॉची पाठ वळताच ट्रीने शेवटी भर घातली: पडदा पडता पडता तो एलायझाकडे फुलं फेकू लागला. एकही संवाद बदलला नाही, पण प्रेक्षक घरी गेले ते आता या दोघांचं जमणार अशा समजुतीत.

शॉ भडकला. ट्रीचं म्हणणं, माझ्या शेवटामुळे पैसे मिळताहेत, उपकार माना. शॉचं उत्तर, तुमचा शेवट भिकार आहे, तुम्हाला गोळी घातली पाहिजे. १९१६ मध्ये शॉने छापील नाटकाला एक लांबलचक पुरवणी जोडली आणि एलायझाचं पुढे काय झालं ते सांगून टाकलं: तिने फ्रेडीशी लग्न केलं, पिकरिंगच्या पैशावर फुलांचं दुकान काढलं, दुकान चालेना, मग दोघांना हिशेबठिशेब शिकायला वर्गांना जावं लागलं. लग्नानंतरचा हिशेब नाटककाराने इतक्या चिकाटीने मांडल्याचं उदाहरण विरळाच. पण पुरवणी वाचायची असते, ती रंगमंचावर दिसत नाही. ट्रीची फुलं दिसत होती.

तरीही शॉने चित्रपटाला होकार का दिला?

बोलपट आल्यावर शॉच्या मागे निर्माते लागले. सुरुवातीला त्याचा आग्रह होता, नाटक जसंच्या तसं चित्रित करा. १९३१ आणि १९३२ मध्ये त्याच्या दोन नाटकांचे असे ब्रिटिश चित्रपट निघाले आणि पडले. कॅमेरा एका जागी, माणसं बोलताहेत, पुन्हा बोलताहेत. जर्मनीत १९३५ मध्ये आणि नेदरलँड्समध्ये १९३७ मध्ये 'पिग्मॅलियन'चे चित्रपट झाले, त्यात केलेल्या बदलांवर तो चिडला. एका बाजूला काहीही न बदलता पडलेले चित्रपट, दुसऱ्या बाजूला हवं ते बदललेले. याच सुमारास गॅब्रिएल पास्कल हा हंगेरीत जन्मलेला बोलघेवडा निर्माता आला आणि त्याने म्हाताऱ्याला पटवलं. शॉ ऐंशीच्या घरात होता.

या खेपेला शॉने धडा घेतला होता. कॅमेऱ्याला काहीतरी दाखवायला लागतं हे त्याने मान्य केलं आणि नवे प्रवेश स्वतः लिहून दिले. घरकाम सांभाळणाऱ्या मिसेस पिअर्स एलायझाला पहिल्यांदा टबात आंघोळ घालतात तो प्रवेश, आणि वकिलातीतल्या मेजवानीचा प्रवेश. दिग्दर्शन अँथनी ॲस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड या दोघांचं. हॉवर्डच हिगिन्स झाला, एलायझा झाली वेंडी हिलर. संकलनाच्या टेबलावर डेव्हिड लीन होता, जो पुढे मोठा दिग्दर्शक झाला.

हिगिन्सच्या निवडीपाशीच ठिणगी पडली होती. शॉला त्या भूमिकेत चार्ल्स लॉटन हवा होता. जाडा, बेढब, विलक्षण नट. त्याच्याशी नायिकेचं जमावं असं कुणाच्या मनातही आलं नसतं. लेस्ली हॉवर्ड म्हणजे तेव्हाचा पडद्यावरचा हळवा, देखणा प्रियकर. शॉने धोका ओळखला होता: लोकांना हा माणूस आवडेल आणि त्याचं एलायझाशी लग्न व्हावं असं त्यांना वाटेल, आणि मला नेमकं तेच नको आहे. म्हणजे कॅमेरा सुरू होण्याआधीच, पात्रनिवडीत, अर्धा शेवट ठरला होता.

मेजवानी दाखवली आणि घात झाला

माझ्या मते खरा बदल चित्रपटाच्या मध्यावर होतो, शेवटच्या मिनिटाला नव्हे. आणि तो शॉने स्वतःच्या हाताने केला.

१९१४च्या नाटकात मेजवानी दिसतच नाही. तिसऱ्या अंकात हिगिन्सच्या आईकडे एलायझाची अर्धीकच्ची चाचणी होते. पडदा पडतो. चौथा अंक उघडतो तेव्हा मध्यरात्र झालीय, सगळे दमून घरी आलेत आणि पैज जिंकून झालीय. जिंकण्याचा क्षण शॉने दोन अंकांच्या फटीत टाकून दिला. प्रेक्षकाच्या वाट्याला येते ती फक्त नंतरची जांभई, सपातांची शोधाशोध आणि कोपऱ्यात गप्प बसलेली मुलगी.

लग्नाला न जाता दुसऱ्या दिवशी मांडव उतरवताना जो पाहुणा पोचतो, त्याला काय दिसतं? उष्टी पानं, केटररशी घातलेला वाद, वधूच्या आईचे सुजलेले पाय. अक्षता टाकायला जो हजर होता त्याच्या डोळ्यांपुढे नवरानवरी असतात. दोघेही खरं तेच सांगतात, पण त्यांनी दोन वेगळी लग्नं पाहिलेली असतात. नाटकाचा प्रेक्षक मांडव उतरवताना येतो. चित्रपटाने त्याला अक्षता टाकायला नेलं.

चित्रपटात एलायझा वकिलातीच्या जिन्यावरून वर येते, दिव्यांचा झगमगाट, सगळ्यांच्या माना वळतात, ती राजघराण्यातल्यांसमोर नाचते. हिगिन्सचा जुना विद्यार्थी कार्पाथी तिला पारखायला येतो आणि छातीठोकपणे जाहीर करतो की ही इंग्रज नाहीच, ही हंगेरीच्या राजरक्ताची आहे. प्रसंग धमाल आहे. विनोदाचं लक्ष्यही अचूक: जो तज्ज्ञ तोच फसतो, कारण इतकं शुद्ध इंग्रजी खरे इंग्रज बोलतच नाहीत. पण त्याच वेळी पडद्यावर दुसरी एक गोष्ट आपोआप जुळून येते. राखेतून उठलेली मुलगी, उसना झगा, राजवाड्यातला नाच, मध्यरात्र. सिंड्रेलाची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या कुणालाही यापुढे राजपुत्र हवा असतो. आणि समोर लेस्ली हॉवर्ड आहे.

त्याच्या आधी शिकवणीचा भाग येतो. तिथे मोंटाज वापरलाय, म्हणजे छोटे छोटे तुकडे भराभर जोडून महिन्यांचा काळ मिनिटात दाखवण्याची पद्धत. तोंडात गोट्या, ज्योतीसमोर 'ह'चा उच्चार, चक्रावलेला चेहरा, पुन्हा तेच. रंगमंचावर हे घडवता येत नाही, म्हणून शॉने नाटकात शिकवणीही जवळजवळ झाकूनच ठेवली होती. चित्रपटात आपण तिचे कष्ट पाहतो. त्याचबरोबर हिगिन्स तिच्यासाठी रात्री जागवतोय हेही पाहतो, आणि ज्याच्याबद्दल नाटकात फक्त चीड यायची त्याच्याबद्दल थोडी माया वाटू लागते. स्पेनमधल्या पावसाचं ते जगप्रसिद्ध घोकंपट्टीचं वाक्यही या चित्रपटासाठी तयार झालं, मूळ नाटकात ते नाही.

शेवटचा मिनिट: जुन्याच शब्दांतून नवा अर्थ

शॉने पटकथेत शेवट लिहून दिला होता तो फ्रेडी, एलायझा आणि फुलांचं दुकान असा. पडद्यावर आला तो वेगळाच. एलायझा फ्रेडीबरोबर निघून जाते. हिगिन्स एकटाच घरी येतो. ध्वनिमुद्रण यंत्रातून पहिल्या दिवशीचा एलायझाचा गावठी आवाज येऊ लागतो. तेवढ्यात दारातून खरा आवाज येतो: येण्याआधी मी हाततोंड धुतलंय. ती परत आलीय. हिगिन्स तिच्याकडे पाठ करून खुर्चीत रेलतो, टोपी मागे सारतो आणि विचारतो, माझ्या सपाता कुठे मेल्या? चित्रपट संपतो.

आता गंमत पाहा. हाततोंड धुतल्याचं वाक्य शॉचंच, दुसऱ्या अंकातलं. सपातांची चौकशीही शॉचीच, चौथ्या अंकातली. ज्या सपाता तिने त्याच्या अंगावर फेकल्या, त्याच आता लाडिक भांडणाची खूण झाल्या. शॉची जुनी वाक्यं जागा बदलून ठेवली आणि मधे चेहऱ्यांचे दोन शॉट घातले, बस. ट्रीने फुलं फेकून जे केलं, तेच संकलनाच्या टेबलावर झालं.

"पण लेखकाच्या मर्जीविरुद्ध हे चालतं?"

चित्रपटाचा करार करताना लेखक आपल्या संहितेचा वापर करण्याची परवानगी देतो. शॉ त्या बाबतीत पक्का होता. तो हक्क कायमचे विकत नसे आणि आपल्या संवादांना कुणी हात लावू नये यावर त्याचा कटाक्ष असे. पण करार शब्दांचं रक्षण करू शकतो. नटाने किती वेळ कुणाकडे बघायचं, कॅमेरा किती जवळ जायचा, दोन वाक्यांमधली शांतता किती ठेवायची, हे कुठल्या कलमात बसवणार? रंगमंचावर या गोष्टी नटाच्या हातात असतात, चित्रपटात दिग्दर्शक आणि संकलकाच्या.

मग शॉने चित्रपट अडवला का नाही? त्याने जाहीरपणे नापसंती दाखवली. मध्यमवयीन, आईच्या पदराला बांधलेला प्रोफेसर आणि अठरा वर्षांची फुलवाली यांचं प्रेम, यापेक्षा दुःखद शेवट मला सुचणार नाही, अशा अर्थाचं तो बोलला. पण त्या शेवटच्या नजरेतून काहीच पक्कं ठरत नाही, म्हणून त्यावर रान उठवण्यात अर्थ नाही, असंही त्याचं म्हणणं पडलं. चित्रपट गाजत होता ही बाब तुम्ही आपली आपण जोडून घ्या. नोबेल १९२५चं त्याच्याकडे होतंच, १९३८च्या पटकथेसाठी ऑस्करही मिळालं. त्या पटकथेवर त्याच्याबरोबर आणखी तिघांची नावं होती. दोन्ही सन्मान मिळवणारा तो पहिला माणूस. ऑस्करबद्दल तो कृतज्ञ होण्याऐवजी कुरकुरलाच.

नंतर त्याने एक मजेदार गोष्ट केली. १९४१ मध्ये नाटकाची नवी आवृत्ती काढली, तीत आंघोळीचा आणि मेजवानीचा असे चित्रपटातले प्रवेश घातले, आणि शेवटची ओळ आणखी घट्ट केली: ती फ्रेडीशी लग्न करणार म्हणून हिगिन्स खदाखदा हसत सुटतो आणि पडदा. चित्रपटाने दिलेलं घेतलं आणि चित्रपटाने केलेलं झिडकारलं. पण मेजवानी घेतल्यावर सिंड्रेलाही पाठोपाठ आत येते, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं, किंवा आलं असेल तर त्याने कबूल केलं नाही. आज हे नाटक वाचायला घेतलं तर हातात बहुधा हीच आवृत्ती पडते, म्हणून 'मूळ नाटकात मेजवानी आहे' असं सांगणारे भेटतात.

हशाचं काय होतं?

नाटकवाल्यांना विचारा, ते सांगतील की विनोदी नाटकाचा अर्धा लेखक प्रेक्षक असतो. नट वाक्य टाकतो, हशा उसळतो, तो उतरणीला लागेपर्यंत नट थांबतो आणि मग पुढचं वाक्य घेतो. पुण्यातला हशा वेगळा, कोल्हापुरातला वेगळा, रविवार दुपारचा आणखी वेगळा. चित्रपटात ही मोजणी महिनोन् महिने आधी, रिकाम्या खोलीत करावी लागते. थांबा कमी ठेवला तर पुढचं वाक्य हशात बुडतं, जास्त ठेवला तर अर्ध्या रिकाम्या थिएटरात ओशाळवाणी शांतता.

'पिग्मॅलियन'मधला सगळ्यात मोठा हशा एका शिवीवर आहे. तिसऱ्या अंकात एलायझा निर्दोष उच्चारांत हवापाण्याबद्दल बोलते, मग त्याच नाजूक स्वरात आपल्या मावशीला कुणीतरी खलास केल्याची शंका मांडते, आणि निघताना पायी जाणार का या प्रश्नावर एक बाजारी शिवी हासडून टॅक्सीने जाणार असं सांगते. उच्चार बदलले तरी माणूस कुठून आला ते लपत नाही, हे शॉने भाषण न देता दाखवलं. १९१४च्या पहिल्या प्रयोगात तो हशा मिनिटभर थांबेना. त्या काळी सभ्य रंगमंचावर हा शब्द उच्चारणं म्हणजे बॉम्बच होता. १९३८ पर्यंत त्याची धार जरा बोथट झाली, तरी ब्रिटिश चित्रपटात तो पहिल्यांदा उच्चारला गेला तो बहुधा इथेच. १९५६ मध्ये यावरून 'माय फेअर लेडी' ही संगीतिका आली तेव्हा तो शब्द पुरता निरुपद्रवी झाला होता. म्हणून संगीतिकेच्या लेखकाने प्रसंगच उचलून घोड्यांच्या शर्यतीवर नेला आणि एलायझाला घोड्याला उद्देशून दुसरंच काहीतरी ओरडायला लावलं. विनोद टिकवायचा तर शब्द बदलावा लागतो, म्हणून 'जसंच्या तसं करा' ही मागणी विनोदी नाटकाच्या बाबतीत फारशी उपयोगाची नाही.

संगीतिका आणि आपली फुलराणी

आपल्या एका नाटकाची संगीतिका झाल्याचा शॉला इतका मनस्ताप झाला होता की जिवंतपणी त्याने दुसरी होऊ दिली नाही. तो २ नोव्हेंबर १९५०ला गेला आणि सहाएक वर्षांत ॲलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लो यांची 'माय फेअर लेडी' ब्रॉडवेवर उभी राहिली. लर्नरने आधार घेतला तो १९३८च्या चित्रपटाचा: मेजवानी, स्पेनचा पाऊस आणि शेवटी सपाता. छापील संगीतिकेत शॉची पुरवणी त्याने गाळली आणि लिहिलं की शॉ आणि देव मला क्षमा करोत, पण शॉचं बरोबर आहे अशी माझी खात्री नाही. १९६४ मध्ये तिचा चित्रपट झाला, ऑड्री हेपबर्न एलायझा, आठ ऑस्कर. जगाच्या डोक्यात जी एलायझा बसली आहे ती ही, परत येणारी.

पु. लं.ची 'ती फुलराणी' रंगमंचावर आली १९७५ मध्ये. भक्ती बर्वे यांची मंजुळा, सतीश दुभाषी यांचा प्राध्यापक. इंग्लंडातल्या वर्गभेदाच्या जागी पु. लं.नी आपल्याकडचं 'शुद्ध' मराठीचं प्रस्थ आणलं, आणि ते इतकं चपखल बसलं की हे रूपांतर आहे याची आठवणही राहत नाही. भक्ती बर्वेंचं 'तुला शिकवीन चांगलाच धडा' हे स्वगत ठाऊक नसलेला मराठी माणूस दुर्मीळ. शाळांच्या स्नेहसंमेलनांत अजून होतं ते. पण शॉच्या नाटकात ते शोधायला गेलात तर सापडणार नाही. प्रोफेसरचा सूड घेण्याची स्वप्नं रंगवणारी एलायझा दिसते ती संगीतिकेत, एका गाण्यात. म्हणजे मराठी रंगभूमीच्या या लाडक्या तुकड्याचं कुळ शॉपेक्षा लर्नरशी जवळचं आहे. आणि लर्नर गेला होता १९३८च्या चित्रपटाकडे. नाटकाचा चित्रपट, चित्रपटावरून संगीतिका, तिथून पुन्हा नाटक, असा प्रवास होऊन ही मुलगी आपल्याकडे पोचली.

म्हणून 'मूळ नाटकाशी प्रामाणिक' हा आग्रह धरणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, कोणतं मूळ? १९१४चं, १९१६च्या पुरवणीसकट, की १९४१चं?

आता शेवट कुणाच्या हातात?

न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरने २०१८ मध्ये 'माय फेअर लेडी' पुन्हा उभी केली. हिगिन्स सपाता मागतो, आणि एलायझा त्याच्या गालाला हात लावून प्रेक्षकांमधल्या वाटेने चालत निघून जाते. लर्नरचे शब्द तसेच ठेवून शॉचा शेवट परत आणला.

हे करायला परवानगी कुणाची लागते, ते देशाप्रमाणे बदलतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षारंभापासून मोजून, साठ वर्षं हक्क राहतात. म्हणजे शॉचं नाटक आपल्याकडे २०११ पासून सगळ्यांसाठी मोकळं आहे. ब्रिटनमध्ये ही मुदत सत्तर वर्षांची, तिथे ते २०२१ पासून मोकळं झालं. तुमच्या हौशी नाट्यसंस्थेला एलायझाचं लग्न हिगिन्सशी, फ्रेडीशी किंवा कुणाशीच न लावता नवं रूपांतर करायचं असेल, तर शॉच्या वारसांना पत्र घालण्याचं कारण नाही. मात्र संगीतिकेतली गाणी आणि तिच्यासाठी लिहिलेले प्रसंग अजून मोकळे नाहीत. लर्नर १९८६ मध्ये गेला, लो १९८८ मध्ये. 'ती फुलराणी'चंही तसंच. पु. ल. २००० साली गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत मंजुळाचा एकही संवाद वापरायचा तर रीतसर परवानगी घ्यावी लागेल.